दुखणे विचारण्याची भाषा

विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आपल्या विहारांतून नेहमी सांगितला जातो. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत भगवान बुद्ध तेथे आले. पाणी आणविले, स्वतः ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर आजाऱ्याच्या शुश्रूषेविषयी संघाला त्यांनी जे बजावले, ते आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेले आहे.

प्रवचनात भर स्वाभाविकपणे त्या पाण्यावर, त्या स्पर्शावर पडतो. आम्हांस मात्र प्रसंगाचा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी आणण्यापूर्वी बुद्धांनी त्या भिक्खूला विचारले होते: काय होते आहे, शुश्रूषेला कोणी आहे की नाही, आणि नसेल तर का नाही. त्याने उत्तर दिले, म्हणून पुढचे सारे घडले.

ह्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची, म्हणजे गिलानुपट्ठाकाची, पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची, वांतीची किळस मानू नये, आणि वेळोवेळी धम्मकथा सांगून आजाऱ्याला धीर देता यावा. ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाचीही पाच लक्षणे आहेत. त्यांतील एक असे की, दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे, हे तो सेवकाला जसे असेल तसे सांगतो. सेवकवर्गाच्या प्रशिक्षणाचा इतका नेटका अभ्यासक्रम आजच्या कित्येक संस्थांपाशीही नसेल. ह्या लक्षणांपैकी धीर देणे आणि दुखणे सांगणे ही दोन भाषेवाचून अशक्य आहेत. सेवक आणि रुग्ण यांच्यात एकही समान भाषा नसेल, तर मैत्रीभाव कितीही असो, पाचांपैकी चारच लक्षणे हाती उरतात. आणि रुग्णाला तर आपले लक्षण पाळण्याची संधीच मिळत नाही.

आपल्या वसतिगृहात आज ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर काही कर्णबधिर मुले-मुलीही राहतात. त्यांच्या अध्यापनासाठी प्रशिक्षित विशेष शिक्षिका आहेत आणि त्यांचे काम उत्तम आहे. परंतु शिक्षिका सायंकाळी घरी जातात. मुलाची बधिरता शाळेच्या घंटेबरोबर सुटत नाही. सायंकाळपासून सकाळपर्यंतचे तास, सुट्टीचे दिवस, तापाच्या रात्री, पहिल्या पाळीची भीती, घरची आठवण, हे सारे अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकाच्या मावशी, कामाठी आणि पहारेकरी यांच्या सोबतीने पार पडते. मुलाच्या आयुष्याचा मोठा भाग ज्यांच्या हाती असतो, त्यांच्या प्रशिक्षणावर सर्वांत कमी खर्च होतो. ही केवळ आपल्या शाळेची स्थिती नव्हे. महाराष्ट्रातील बहुतेक निवासी शाळांत हेच आढळेल.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा व्हावा, ह्याविषयी माजी विद्यार्थ्यांत सध्या चर्चा सुरू आहे. श्रवणयंत्रे वाटावीत, सभागृहाचा विस्तार करावा, प्रवेशद्वार बांधावे, अशा सूचना आल्या आहेत. त्यांमागील आस्थेविषयी आम्हांस शंका नाही. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, ह्या निधीचा पहिला वाटा वसतिगृहातील सेवकवर्गाला भारतीय सांकेतिक भाषा शिकविण्यासाठी खर्च व्हावा, आणि हे काम बधिर व्यक्ती स्वतः चालवीत असलेल्या एखाद्या संस्थेशी रीतसर करार करून तिच्याकडून करून घ्यावे.

श्रवणयंत्रांना आमचा विरोध नाही. ज्या मुलाला त्याचा उपयोग होतो, त्याला ते मिळालेच पाहिजे. परंतु श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. चष्मा लावताच अक्षर स्वच्छ दिसते. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, आणि तो स्पष्ट करीलच असे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीस बधिर म्हटले आहे. इतका ऱ्हास असलेल्या कित्येक मुलांना यंत्र लावूनही शब्द नव्हे, केवळ ध्वनी कळतो. शिवाय यंत्राला निगा लागते. कानामागे बसणाऱ्या यंत्राची छोटी बॅटरी, तिच्यावरील चिकटपट्टी काढली की वापरा अथवा न वापरा, संपू लागते. ती आठवडा-दोन आठवडे पुरते. कानात बसणारा साचा मुलाच्या वाढीबरोबर सैल होतो, मग यंत्र शिट्टी मारू लागते, आणि मूल ते काढून ठेवते. पावसाळ्यात घामाने व दमटपणाने नळीत पाणी साठते. समारंभात वाटलेली यंत्रे पुढच्या वर्षी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली सापडतात, ती ह्या कारणांनी. ज्या अधीक्षिकेला बॅटरी बदलणे, साचा धुणे, रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या डबीत ठेवणे शिकविलेले आहे, तिच्या वसतिगृहात यंत्रे टिकतात. म्हणजे यंत्रदानही प्रशिक्षणावाचून वायाच जाते. त्यातून, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांतील मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या संस्था हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत. सरकार जेथे खर्च करते तेथेच आपणही करावा, की जेथे कोणीच करीत नाही तेथे करावा, हा विचार दात्यांनी करावा.

वसतिगृहातील रात्रीचा विचार तर कोणत्याच आराखड्यात नसतो. दिवे मालवले की ऐकणाऱ्या मुलांच्या गप्पा सुरू होतात. बधिर मुलाचे बोलणे तेथेच थांबते, कारण अंधारात हात दिसत नाहीत. रात्री त्याच्या पोटात दुखू लागले तर ते त्याने कोणाला आणि कसे सांगावे? पहारेकरी येतो आणि सवयीने विजेरीचा झोत मुलाच्या डोळ्यांवर टाकतो; मूल दचकते, त्याला काहीच दिसत नाही. वास्तविक झोत स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर धरावयाचा असतो. खांद्याला हलकेच स्पर्श करून उठवावे, दिसेल असे समोर बसावे, मग विचारावे. एवढी साधी गोष्ट. पण ती कोणी शिकविल्यावाचून सुचत नाही. कुठे दुखते, केव्हापासून, सतत की थांबून थांबून, काय खाल्ले, हे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे पहारेकऱ्याला खुणांनी कळू लागली, तर डॉक्टरांना बोलवावयाचे की सकाळपर्यंत थांबावयाचे, हा निर्णय अंदाजावर राहणार नाही.

आणखी एक बाब स्मरणिकेच्या प्रसन्न पानांत लिहिणे कठीण वाटते, परंतु पालकांसाठी ती लिहिलीच पाहिजे. ज्या मुलाला आपल्याशी काय घडले हे सांगता येत नाही, त्याच्याशी ते करण्याचे धाडस अपराध्याला सहज होते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने अशा मुलाचा जबाब घेताना दुभाषाची वा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद केली आहे. पण कायद्याचे काम त्यानंतरचे. त्याआधी मुलाने कोणाला तरी काही तरी सांगितलेले असावे लागते, आणि त्यासाठी त्याच्यापाशी शरीराच्या अवयवांच्या खुणा असाव्या लागतात, नको म्हणण्याची खूण असावी लागते, आणि ती समजणारे एक तरी मोठे माणूस त्या इमारतीत रात्री हजर असावे लागते. सीसीटीव्ही लावल्याने ह्यांतील काहीच साध्य होत नाही.

प्रशिक्षणाची वाट न पाहता शिकलेली माणसेही आहेत, हे सांगितले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरातील एका मावशींना मुलांकडूनच चाळीसएक खुणा येऊ लागल्या आहेत. मुलांनी त्यांना खुणेचे नावही ठेवले आहे: नाकपुडीवर टेकविलेले बोट, कारण त्या चमकी घालतात. बधिर समाजात असे नाव मिळणे म्हणजे आपल्यात घेतले जाणे होय. मात्र त्या चाळीस खुणा भाकरीच्या, वरणाच्या, 'पुरे'च्या आणि 'अजून'च्या आहेत. काल रात्री काय झाले, उद्या काय होणार, का रडतोस, हे त्यांत बसत नाही. त्यांच्या जिव्हाळ्याचे कौतुक करून थांबणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे आहे. त्यांना पुढचे शिकावयाचे आहे, आणि तसे त्या सांगतातही.

सांकेतिक भाषा म्हणजे हावभाव, नकला किंवा मराठीचे हातांनी केलेले रूपांतर, असा समज अद्याप दूर झालेला नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. काळ दर्शविणारा शब्द बहुधा आधी येतो, प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, आणि भुवया, ओठ, खांदे हेही व्याकरणाचाच भाग असतात. ज्याचा चेहरा कोरा, त्याचे वाक्य अपुरे. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने वर्गातून ह्या भाषेला हद्दपार केले आणि ओठ वाचणे व वाचा उच्चारणे हेच खरे शिक्षण ठरविले. त्या परिषदेत बधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच. पुढे जगभरच्या कित्येक शाळांत खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. त्या ठरावांबद्दल बधिरांच्या शिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, म्हणजे १३० वर्षांनी. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० शब्दांच्या खुणा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ह्या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला आहे. म्हणजे शिकावयाचे साहित्य उपलब्ध आहे. अभाव आहे तो शिकणाऱ्यांचा आणि त्यांना त्यासाठी दिलेल्या वेळेचा.

शब्दांविषयीही थोडे. 'मूकबधिर' हा शब्द अजून कित्येक पाट्यांवर आहे. बधिर व्यक्तींना तो मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे: ज्याच्यापाशी भाषा आहे तो मूक कसा? 'आंधळ्या-बहिऱ्याची गाठ' ही आपली म्हणही अशीच दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून रचलेली आहे. ज्यांच्या पूर्वजांना गावाने ठेवलेली नावे वागवावी लागली, त्या आपल्या समाजाला तरी हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

आता भागीदारीविषयी. दात्या संस्था आणि शाळा यांचे संबंध बहुधा एका ठरावीक रीतीने चालतात. एक कार्यक्रम होतो, वस्तू दिल्या जातात, छायाचित्र निघते, आणि मुले दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखीच असतात. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी २०१३ च्या कायद्यामुळे वाढला, ही चांगली गोष्ट. परंतु तोही दिसणाऱ्या वस्तूंकडे सहज वळतो. इमारतीला कोनशिला बसविता येते; कामाठ्याला शिकविलेल्या खुणांवर कोणाचे नाव कोरावयाचे?

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ह्या साऱ्यात बधिर माणसे कोठे असतात? बहुधा खुर्च्यांच्या पुढच्या रांगेत, भेटवस्तू घेण्यासाठी. अस्पृश्यता निवारणासाठी १९३२ साली निघालेल्या आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या कारभारात खुद्द अस्पृश्यांना स्थान नाही, ह्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात किती कठोर टीका केली होती, हे येथे आठवावे. ज्यांची सेवा करावयाची त्यांना निर्णयातून वगळणारी सेवा त्यांना मान्य नव्हती. त्याआधी, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. तिच्या कारभारात बहिष्कृत समाजातील माणसे स्वतः होती. वसतिगृह ही आपल्या चळवळीची इतकी जुनी संस्था आहे. तिच्या कारभाराची कसोटी बदलण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

म्हणून करारात काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. शिकविणारी व्यक्ती बधिर असावी. सांकेतिक भाषेच्या अध्यापनाची पदविका घेतलेले बधिर शिक्षक आज मिळू शकतात. त्यांना पूर्ण मानधन द्यावे. 'समाजकार्य आहे, विनामूल्य करा' असे ज्यांना सांगितले जाते ते बहुधा दुर्बलच असतात, हा आपला जुना अनुभव. वसतिगृह समितीत किमान एक बधिर सदस्य असावा, आणि त्याच्यासाठी प्रत्येक बैठकीला दुभाषी असावा. केवळ सदस्यत्व देऊन दुभाषी न देणे म्हणजे बंद दाराची किल्ली दाखविण्यासारखे आहे. सेवकांना वर्ग कामाच्या वेळेत मिळावा. दिवसभर पोळ्या लाटलेल्या मावशींनी रात्री नऊला वर्गात बसावे, अशी अपेक्षा ठेवणारे प्रशिक्षण फक्त अहवालात यशस्वी होते.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो: सेवक कंत्राटी असतात, शिकून निघून जातील. जातील. एखादा जिल्हा रुग्णालयात लागेल, एखादी दुसऱ्या वसतिगृहात. तेथेही एखादे बधिर मूल केव्हा तरी येईलच. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली आहे. ती सारी आपल्याच इमारतीत राहत नाहीत. शिकविलेले माणूस गेल्याचा तोटा शाळेच्या हिशेबवहीत दिसेल, समाजाच्या नव्हे. वर्ग मात्र दर वर्षी पुन्हा भरवावा लागेल, आणि म्हणूनच एकरकमी देणगीपेक्षा व्याजावर चालणारा निधी आम्ही अधिक योग्य मानतो.

आपल्या परंपरेतील एक गैरसोयीची बाबही झाकून ठेवू नये. ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांच्या महावग्गातील यादीत बहिऱ्याचाही समावेश आहे. ज्या काळी सारा उपदेश मुखोद्गत होता, त्रिशरण उच्चारूनच घ्यावयाचे होते आणि शिष्याला श्रावक, म्हणजे ऐकणारा, म्हणत, त्या काळातील ही तरतूद आहे असे आम्हांस वाटते. कारण कळले म्हणजे तरतूद कायमची ठरते असे नाही. ग्रंथांना बुद्धीची कसोटी लावण्याची शिकवण आपणांस मिळालेली आहे. आपल्या शाळेतील बधिर मुले आज सायंवंदनेत त्रिशरण आणि पंचशील हातांनी घेतात. 'शरण' ह्या शब्दाची खूण कोणती असावी, ह्यावर त्यांच्यात एकदा बराच वाद झाला. पायांवर डोके टेकविण्याची खूण मोठ्या मुलींनी नाकारली. वाट दाखविणाऱ्याच्या मागून चालण्याची खूण शेवटी ठरली. अनेक वर्षे त्रिशरण म्हणणाऱ्या आम्हां मंडळींनी त्या शब्दावर इतका विचार केला नव्हता.

हा विषय केवळ मुलांपुरता नाही. शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील माजी विद्यार्थी आज साठीच्या पुढे आहेत, त्यांचे आईवडील ऐंशीच्या. वयोमानाने कान जाऊ लागतात तेव्हा आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, थ ही व्यंजने पुसट होतात. म्हणून 'ऐकू येते, पण कळत नाही' ही वृद्धांची तक्रार खरी असते. तो विक्षिप्तपणा नव्हे. ओरडून बोलल्याने शब्द अधिकच विकृत होतात आणि ऐकणाऱ्याला आपण रागावलो आहोत असे वाटते. समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद करावा, वाक्य कळले नाही तर तेच मोठ्याने न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. घरी ठेवलेल्या मदतनीस बाईंना हे कोणी सांगत नाही. वसतिगृहातील वर्गाचे पहिले काही दिवस अशा मदतनिसांसाठी आणि कुटुंबीयांसाठीही खुले ठेवता येतील. जागा आहे, फळा आहे, आणि शिकविणारे त्या दिवशी येणारच आहेत.

विनियोगाचा प्रस्ताव माजी विद्यार्थ्यांच्या येत्या सर्वसाधारण सभेत मांडला जाईल. सभेला दुभाषी असेल. बधिर माजी विद्यार्थ्यांसाठी व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या जागा राखून ठेवल्या आहेत, कारण दुभाषी तेथे उभा राहील. शाळेवरील चित्रफीत दाखविताना सभागृहातील इतर दिवे मालवले तरी त्याच्यावरील दिवा चालू ठेवावा, अशी सूचना आम्ही संयोजकांना दिली आहे.